पानांच्या काचपट्ट्यांचा संच : छेद उत्तम, पुस्तिका अपुरी

झाडांची पाने आणि हवामान यांचे नाते समजावून सांगणारे साहित्य बहुतेक वेळा चित्रांवर थांबते. वाळवंटातल्या झाडाचे बारीक पान, पावसाळी जंगलातले रुंद पान आणि थंड प्रदेशातली सुई अशी तीन चित्रे शेजारीशेजारी छापली जातात, आणि पानाच्या आत नेमके काय बदलले हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी तयार केलेल्या बारा कायम काचपट्ट्या आणि सोबत ‘पान आणि हवामान’ या विषयावरची पुस्तिका असा हा संच हाती आला, तेव्हा माझी अपेक्षा मोठी होती. काचपट्ट्यांनी ती बहुतांशी पूर्ण केली. पुस्तिकेने मात्र काही ठिकाणी विषय इतका सोपा केला आहे की त्यातला खरा रस निघून गेला आहे. काचपट्ट्यांसाठी हा संच जरूर घ्यावा आणि पुस्तिका सावधपणे वाचावी, असे माझे मत आहे. त्याची कारणे विषयातच दडलेली असल्याने ती थोडी विस्ताराने सांगतो.

आधी कारागिरीबद्दल. छेद पातळ आणि एकसारख्या जाडीचे आहेत, आणि सॅफ्रॅनिन व फास्ट ग्रीन या दोन रंगद्रव्यांचे प्रमाण बहुतेक पट्ट्यांवर नेमके साधले आहे. त्यामुळे लाकडी भिंतींच्या जलवाहिन्या लाल आणि साध्या पेशीभित्तिका हिरव्या अशा स्वच्छ वेगळ्या उठून दिसतात. एका पट्टीत कव्हरस्लिपच्या कडेला हवेचा बुडबुडा राहिला आहे, पण छेद त्यापासून दूर असल्याने पाहताना अडथळा येत नाही. पाणकमळाच्या छेदाला घडी पडली आहे, तो बदलून मिळायला हवा.

संचातली सर्वांत देखणी पट्टी कण्हेरीच्या पानाच्या आडव्या छेदाची आहे. वरच्या बाजूला जाड क्युटिकलचा मेणचट थर दिसतो, त्याखाली अपित्वचेच्या, म्हणजे पानाच्या बाहेरच्या त्वचेच्या, पेशींच्या एकावर एक रांगा असतात, आणि मग उभ्या खांबांसारख्या लांबट हरितपेशींचे दाट थर सुरू होतात. नजर खाली सरकवली की पानाच्या पाठीवर खोल गेलेल्या पोकळ्या दिसू लागतात. दहाच्या भिंगावरून चाळीसच्या भिंगावर गेल्यावर त्या पोकळीच्या भिंतींतून निघालेले बारीक केस आणि केसांच्या मुळाशी लपलेली पर्णरंध्रे, म्हणजे वायूंची ये-जा होणारी सूक्ष्म छिद्रे, स्पष्ट होतात. रक्षक पेशींची जोडी, त्यांच्यामधली फट आणि फटीमागची हवेची जागा एकाच दृष्टिक्षेपात येईल इतका हा छेद नेमक्या जागी घेतलेला आहे. ही एक पट्टी पाहत मी बराच वेळ बसलो, आणि पाहणाऱ्या प्रत्येकाने तसे बसावे.

पुस्तिकेत या पट्टीचे स्पष्टीकरण एका वाक्यात उरकले आहे : कोरड्या हवामानात पाणी वाचवण्यासाठी रंध्रे खड्ड्यांत गेली. हे वाक्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे. कण्हेर निसर्गतः ओढ्या-नद्यांच्या पात्रांत उगवते. तिथली हवा उन्हाळ्यात कोरडी आणि तप्त असली, तरी मुळांना खोलवर ओलावा मिळण्याची शक्यता असते. तिला सरसकट वाळवंटी वनस्पती म्हणणे त्यामुळेच खटकते. दुसरे म्हणजे, अशा खड्ड्यांनी पाण्याची वाफ नेमकी किती अडते, याचा हिशेब ऑस्ट्रेलियातल्या बँक्सिया या झाडांच्या पानांवर संगणकी प्रतिकृती वापरून करण्यात आला आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, खड्ड्यांचा बाष्पोत्सर्जनावरचा परिणाम समजला जातो त्यापेक्षा बराच कमी निघाला. रंध्र उघडे असताना वाफेला सर्वांत मोठा अडसर रंध्राच्या फटीचाच असतो, आणि खड्ड्यातली स्थिर हवा त्यात थोडीशीच भर घालते.

मग खड्डे कशासाठी? एक पटण्याजोगे उत्तर असे, की कोरड्या प्रदेशातले पान जाड आणि चिवट होत गेले, आणि जाड पानात आतल्या हरितपेशी पृष्ठभागापासून दूर पडल्या. कार्बन डायऑक्साइडला एवढे अंतर पेशींच्या गर्दीतून कापावे लागले तर प्रकाशसंश्लेषण मंदावते. खड्डा हा बाहेरची हवा पानाच्या गाभ्यापर्यंत नेणारा मार्ग ठरतो, आणि बँक्सियाच्या निरनिराळ्या जातींमध्ये जाड पाने आणि खड्डे एकत्र आढळतात, ही बाब या उत्तराला बळ देते. कण्हेरीच्या पट्टीवर आतल्या हरितपेशी आणि खड्ड्याचा तळ यांच्यातले अंतर नुसत्या नजरेने मोजून पाहिले तरी हा मुद्दा लक्षात येतो. छापील चित्रातून असे अंतर मोजण्याची बुद्धी होत नाही; काचपट्टीचे मोल इथेच कळते.

पान ही एकाच वेळी दोन विरुद्ध गरजा भागवणारी रचना आहे. जे दार कार्बन डायऑक्साइडला आत घेते तेच पाण्याची वाफ बाहेर सोडते, आणि आत येणाऱ्या वायूच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे शेकडो रेणू निसटतात. पानाच्या उत्क्रांतीतला जवळजवळ प्रत्येक बदल या व्यवहाराच्या अटी बदलण्याचा प्रयत्न म्हणून वाचता येतो. पुस्तिकेने हा धागा पहिल्याच पानावर मांडला असता, तर पुढच्या साऱ्या पट्ट्यांना एक अर्थ मिळाला असता.

पाइनच्या सुईचा छेदही तितकाच उत्तम आहे. बाहेर जाड भिंतींची अपित्वचा, तिच्याखाली आणखी एक कठीण थर, त्यात बुडालेली रंध्रे, राळनलिकांची गोल तोंडे, आत वळलेल्या भित्तिका असलेल्या हरितपेशी आणि मध्यभागी वेगळ्या आवरणात बसलेला वाहिन्यांचा भाग, सगळे काही स्पष्ट आहे. पुस्तिका म्हणते की थंडीमुळे पानाची सुई झाली. थंडीत गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळत नसल्यामुळे आणि सुईचा पृष्ठभाग कमी असल्यामुळे तिचा फायदा होतो, हे बरोबरच आहे. पण पाइन उष्ण प्रदेशांतही वाढतात आणि तिथेही त्यांना सुयाच असतात. त्यांच्या पूर्वजांकडून आलेल्या पानात शिरांचे जाळे नाही, सगळा पुरवठा मध्यावरच्या एका पट्ट्यातून होतो. अशा पानाला रुंद पाते पोसणे अवघड असते. हवामान निवड करते, पण निवड करायला जे पर्याय उपलब्ध असतात ते वंशपरंपरेने ठरतात. छेदाच्या मधोमध असलेला तो एकुलता एक पट्टा पाहताना ही गोष्ट जितकी नीट समजते तितकी वर्णनातून समजत नाही.

रबराच्या झाडाची (वडाच्या गोत्रातल्या फायकस इलॅस्टिकाची) पट्टी पुस्तिकेने ‘दमट हवामान’ या गटात घातली आहे आणि इथे वर्गीकरणाची अडचण उघडी पडते. जाड क्युटिकल, अनेकस्तरी अपित्वचा आणि पृष्ठभागाखाली दबलेली रंध्रे ही सारी लक्षणे पुस्तिकेच्याच म्हणण्यानुसार कोरड्या हवामानाची आहेत. उलगडा असा, की हे झाड पावसाळी जंगलातले असले तरी अनेकदा दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजते आणि मुळे जमिनीपर्यंत पोहोचेतोवर त्याला कायमस्वरूपी पाणी मिळत नाही. हवामानखात्याच्या नकाशावरचे हवामान आणि पानाच्या वाट्याला येणारे हवामान यांत असा फरक असू शकतो. याच पट्टीत अपित्वचेच्या फुगलेल्या पेशीत देठाने लोंबणारा कॅल्शियम कार्बोनेटचा दाणेदार खडाही सुंदर दिसतो, आणि केवळ त्यासाठीही कोणी ती पाहिली तरी वेळ सत्कारणी लागेल.

निलगिरीच्या पट्टीबद्दल मात्र तक्रार नाही. पानाच्या दोन्ही बाजूंना खांबपेशींचे थर, दोन्हीकडे रंध्रे आणि मध्ये तेलाच्या गोल ग्रंथी दिसतात. प्रौढ निलगिरीचे पान उभे लोंबते, त्यामुळे दुपारचा थेट मारा त्याच्या कडेवर पडतो आणि सकाळ-संध्याकाळचे ऊन दोन्ही बाजूंना मिळते. वरची बाजू आणि खालची बाजू असा भेदच उरला नाही, म्हणून आतली रचनाही दोन्हीकडे सारखी झाली. पुस्तिकेने इथे मोजक्या शब्दांत अचूक स्पष्टीकरण दिले आहे. फॉस्फरसची चणचण असलेल्या जमिनींचाही ऑस्ट्रेलियातल्या चिवट पानांमागे हात आहे, एवढे एक वाक्य जोडले असते तर बरे झाले असते, कारण जिथे पोषकद्रव्ये दुर्मीळ आहेत तिथे एकदा बनवलेले पान जितके अधिक काळ टिकेल तितके झाडाच्या हिताचे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. बीच या झाडाच्या उन्हातल्या पानाचा आणि सावलीतल्या पानाचा छेद एकाच पट्टीवर शेजारीशेजारी लावला आहे. पट्टी अप्रतिम आहे : उन्हातले पान जाड, त्यात खांबपेशींचे एकाहून अधिक थर; सावलीतले पान पातळ, त्यात एकच थर आणि पेशींत भरपूर मोकळी जागा. पुस्तिकेने ही पट्टी ‘उत्क्रांतीचा पुरावा’ या शीर्षकाखाली ठेवली आहे, आणि ते चूक आहे. ही दोन्ही पाने एकाच झाडाची, म्हणजे एकाच जनुकसंचाची असू शकतात. बीचमध्ये तर पुढच्या वर्षीच्या पानात खांबपेशींचे किती थर असतील हे बऱ्याच अंशी आदल्या उन्हाळ्यात कळी घडतानाच, तिला मिळालेल्या प्रकाशावरून ठरते. याला लवचीकता म्हणायचे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून जातीच्या वारशात झालेला बदल ही वेगळी गोष्ट आहे. अशी लवचीकता स्वतः उत्क्रांतीतून आली असेल, पण एका झाडावरच्या दोन पानांतला फरक म्हणजे उत्क्रांती नव्हे. हा घोटाळा एकदा मनात बसला की पुढे निघत नाही, आणि विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत तो राहू देणे मला अजिबात मान्य नाही. पुढच्या आवृत्तीत ही पट्टी निलगिरीच्या पट्टीशेजारी ठेवून, एक फरक झाडाच्या आयुष्यातला आणि दुसरा वंशाच्या इतिहासातला, असे सांगावे.

जिंको या झाडाच्या पानाच्या अपित्वचेची साल काढून बनवलेली पट्टी दिसायला साधी आहे, पण अभ्यासासाठी संचात तिच्याइतकी मोलाची दुसरी नाही. तिच्यावर पर्णरंध्रे मोजता येतात. नुसती घनता मोजण्यापेक्षा रंध्रांची संख्या भागिले रंध्रे व इतर अपित्वचापेशींची एकूण संख्या, गुणिले शंभर असा निर्देशांक काढावा. सॅलिसबरी यांनी 1927 साली तो मांडला. पान मोठे वाढले की पेशी ताणल्या जाऊन रंध्रे एकमेकांपासून दूर जातात आणि घनता घटल्यासारखी वाटते, निर्देशांकावर मात्र या ताणण्याचा फारसा परिणाम होत नाही. इयन वुडवर्ड यांनी 1987 साली इंग्लंडमध्ये जतन केलेल्या झाडांच्या वाळक्या पानांवरून दाखवून दिले, की गेल्या सुमारे दोनशे वर्षांत, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत असताना, रंध्रांची घनता सुमारे 40 टक्क्यांनी घटली. वायू भरपूर असेल तर दारे कमी पुरतात आणि पाणीही वाचते. हाच संबंध उलटा वापरून, जीवाश्म पानांवरची रंध्रे मोजून, प्राचीन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधला जातो, आणि जिंकोचा वंश कोट्यवधी वर्षे ओळखीच्या रूपात टिकून राहिल्याने या कामी तो फार उपयोगी पडतो. ग्रीनलंड आणि स्वीडनमधल्या सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे ट्रायासिक आणि ज्युरासिक यांच्या सीमेवरच्या पानांत रंध्रे घटलेली आढळली आणि त्याच काळात रुंद पानांच्या जागी अरुंद, चिरलेली पाने आली. रंध्रे कमी म्हणजे वाफेने होणारा गारवा कमी, आणि गारवा कमी असताना रुंद पान उन्हात तापते, असा त्यामागचा तर्क आहे. पुस्तिकेत यातले काहीही नाही. जिंकोला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणून दोन ओळींत वाटेला लावले आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

रंग घालवून पारदर्शक केलेल्या पानाची पट्टी शिरांचे जाळे दाखवते आणि पुस्तिकेतले सर्वांत चांगले पृष्ठ तिच्याच वाट्याला आले आहे. सपुष्प वनस्पतींच्या पानात दर चौरस मिलिमीटरला शिरांची लांबी सरासरी 8 मिलिमीटरच्या आसपास असते, तर इतर वनस्पतींमध्ये ती 2 मिलिमीटरच्या आसपास राहते, हा फरक तिथे सोप्या आकृतीतून मांडला आहे. दाट शिरा म्हणजे रंध्रांपर्यंत जास्त पाणी, आणि जास्त पाणी म्हणजे रंध्रे मोकळेपणाने उघडी ठेवण्याची मुभा. जमिनीवर वाहिन्या असलेल्या वनस्पती आल्यानंतर रुंद पाने सर्वत्र दिसायला सुमारे 4 कोटी वर्षे का लागली असावीत, याचीही मांडणी नीट आहे : डेव्होनियन काळाच्या (सुमारे 42 ते 36 कोटी वर्षांपूर्वीच्या) आरंभी कार्बन डायऑक्साइड फार असल्याने रंध्रे थोडी होती, आणि थोड्या रंध्रांचे रुंद पान उन्हात होरपळले असते. वायू घटला, रंध्रे वाढली, मग पाने रुंदावली. हे गृहीतक आहे असे पुस्तिका स्पष्ट सांगते, हा प्रामाणिकपणा इतर पृष्ठांवरही हवा होता.

छेदांच्या संचाला एक मर्यादा अटळ आहे, ती म्हणजे अख्खे पान दिसत नाही. हवामानाची सर्वांत जुनी आणि वापरातली खूण तर पानाच्या कडेवर असते. बेली आणि सिनॉट यांनी 1915 साली दाखवले, की उष्ण प्रदेशांतल्या झाडांत सलग कडेची पाने अधिक आणि थंड प्रदेशांत दातेरी कडेची पाने अधिक असतात. जॅक वुल्फ यांनी पूर्व आशियातल्या जंगलांवरून हे नाते आकड्यांत बांधले. त्यानुसार सलग कडेच्या जातींचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले तर वार्षिक सरासरी तापमान सुमारे 3 अंशांनी जास्त असते. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या बिगहॉर्न खोऱ्यात सुमारे 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या झपाट्याच्या तापमानवाढीचा अंदाज बांधताना जीवाश्म पानांच्या कडाही उपयोगी पडल्या. पानाच्या आकारमानाचेही तसेच. 2017 साली जगभरच्या 7670 जातींची पाने तपासून केलेल्या अभ्यासात असे निघाले, की मोठ्या पानाला दिवसा तापण्याचा धोका असतो तसाच रात्री गारठण्याचाही असतो, आणि पृथ्वीवरच्या फार मोठ्या भागात हा रात्रीचा धोकाच पानाची कमाल मर्यादा ठरवतो. संचात दाबून वाळवलेली चार पाने किंवा मूळ मापात छापलेल्या बाह्याकृतींचा एक तक्ता घातला असता, तर हा सगळा भाग आवाक्यात आला असता. मॅरम गवत आणि पाणकमळ यांच्या पट्ट्या वगळून ही जागा सहज करता येईल. त्या चांगल्या आहेत, पण झाडांच्या नाहीत, आणि बहुतेक शालेय संचांत त्या आधीच असतात. त्यांच्याऐवजी ऑस्ट्रेलियन अकेशियाची पट्टी हवी होती. त्याच्या रोपाला आधी बारीक पर्णिकांची संयुक्त पाने येतात आणि पुढे पर्णिका नाहीशा होऊन चपटा देठच पानाचे काम करू लागतो, हे बदलते रूप पाहायला मिळाले असते.

पट्ट्यांवरच्या चिठ्ठ्यांत वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि छेदाचा प्रकार आहे, पण पान कुठून, झाडाच्या कोणत्या उंचीवरून आणि कोणत्या ऋतूत घेतले याची नोंद नाही. हवामानाशी नाते सांगणाऱ्या संचात ही उणीव मोठी आहे, कारण बीचच्या पट्टीवरून जे दिसले तेच कोणत्याही झाडाला लागू पडते : शेंड्याचे पान आणि बुंध्याजवळचे पान यांवरून एकाच जातीबद्दल वेगळे निष्कर्ष निघतील. पुस्तिकेच्या शेवटी एका पानाचा तक्ता जोडून ही उणीव भरून काढता येईल.

महाविद्यालयीन वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, शिक्षक आणि चाळीसच्या वस्तुभिंगाचा सूक्ष्मदर्शक जवळ असलेले हौशी अभ्यासक यांनी हा संच घ्यावा. केवळ हातभिंग असलेल्यांना यातली एकही पट्टी पुरेशी दिसणार नाही. घेताना कण्हेर, पाइन आणि जिंको या तीन पट्ट्या आधी तपासाव्यात, आणि जिंकोच्या पट्टीवर पेशींच्या सीमा अखंड व मोजण्याजोग्या दिसत नसतील तर ती बदलून मागावी. पट्ट्या आडव्या आणि अंधाऱ्या पेटीत ठेवाव्यात, उजेडात सॅफ्रॅनिनचा लाल रंग हळूहळू फिकट होत जातो.